आईला दाराला आतून कडी हवी आहे (केअर होममध्ये राहणाऱ्यांचे हक्क)

सायलीची_वेल:

आई ७८ वर्षांची आहे. दोन वर्षं झाली, ती एका केअर होममध्ये राहते. गुडघे गेलेत, चालायला वॉकर लागतो. अलीकडे नावं विसरते, पण बाकी डोकं शाबूत आहे. होम वाईट नाही, हे आधीच सांगते. स्वच्छता आहे, औषधं वेळेवर मिळतात, कुणी हात उगारत नाही. म्हणूनच कदाचित हे लिहायला मला इतके दिवस लागले.

गेल्या महिन्यात आई फोनवर म्हणाली, "मला दाराला आतून कडी पाहिजे." कारण विचारलं तर विषय बदलला. भेटायला गेले तेव्हा तुकड्यातुकड्याने सगळं कळलं. ती कपडे बदलत होती. दार उघडून मावशी आत आल्या, त्यांच्या मागे पंखा दुरुस्त करणारा माणूस. दार वाजवलं नाही, हाक नाही. आई भिंतीकडे तोंड करून पलंगावर बसून राहिली. त्याचं काम होईपर्यंत, म्हणजे दहाएक मिनिटं, तशीच. मावशी म्हणाल्या, "अगं आजी, लाजतेस काय, सगळे आपलेच आहेत."

आईने तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. तिला घराबाहेर कुणी कधी "अगं" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मी मॅनेजरांना भेटले. ते सौजन्याने बोलले, पण उत्तर ठाम होतं: कुठल्याच खोलीला आतून कडी नसते, आत पडल्या तर जबाबदार कोण? मग त्यांनी फाइल काढून प्रवेशाचा अर्ज दाखवला. "संस्थेचे सर्व नियम मान्य आहेत" या ओळीखाली माझी सही. त्या जागेवर छापलं होतं, "पालकाची सही". माझ्या आईची पालक म्हणून मी सही केली होती. सगळी पानं उलटून पाहिली. आईची सही कुठेच नाही. तो अर्ज भरताना आई माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती, पर्स मांडीवर घेऊन.

तेव्हापासून ते पान डोळ्यासमोरून हलत नाही.

मला विचारायचं आहे ते असं. होममध्ये राहायला गेल्यावर माणसाचे कुठले हक्क उरतात आणि कुठले सोडून द्यावे लागतात? कुणी असं काही भांडून मिळवलं आहे का? आणि भांडायचं तरी कसं? मी बोलून घरी येणार, आई मात्र तिथेच राहणार. तिच्यावर कुणी राग काढला तर मला कळणारही नाही.

---

उंबरठा:

सायलीताई, मी वकील आहे, अशा प्रकरणांत थोडंफार काम केलं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: एकही हक्क सोडून द्यावा लागत नाही. होममध्ये जाणं म्हणजे राहण्याची जागा बदलणं. नागरिक म्हणून, सज्ञान माणूस म्हणून जे काही होतं ते सगळं सोबत येतं.

हे मी मनाचं सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १६ डिसेंबर १९९१ रोजी वृद्धांसाठी १८ तत्त्वं मंजूर केली. त्यातलं चौदावं तत्त्व नेमकं याच विषयावर आहे. निवारा, काळजी किंवा उपचार देणाऱ्या कुठल्याही संस्थेत राहताना माणसाला त्याचे मानवी हक्क उपभोगता आले पाहिजेत, त्याची प्रतिष्ठा, श्रद्धा, गरजा आणि खासगीपणा पूर्णपणे जपला गेला पाहिजे, आणि आपली काळजी कशी घेतली जावी, आपलं आयुष्य कसं असावं हे ठरवण्याचा त्याचा हक्क मान्य झाला पाहिजे. ही तत्त्वं कायद्यासारखी बंधनकारक नाहीत, त्यामुळे एवढ्यावर कुणाला कोर्टात खेचता येणार नाही. पण मॅनेजरसमोर ठेवायला हा कागद चांगला आहे. आपण काही जगावेगळं मागत नाही, हे त्यातून दिसतं.

आता त्या सहीबद्दल. मुलगी असणं म्हणजे कायदेशीर पालक असणं नव्हे. सज्ञान माणसाला पालक असतो तो कायद्याने किंवा न्यायालयाने नेमला तरच. छापील अर्जावर "पालक" लिहिल्याने कुणी पालक होत नाही. तुमची सही पैशांची हमी म्हणून धरली जाऊ शकते. आईंच्या संमतीची जागा ती घेऊ शकत नाही. होम चालवणाऱ्यांना हे बहुतेक वेळा माहीतच नसतं. वर्षानुवर्षं तोच अर्ज छापला जातो.

"नावं विसरतात" हेही कुणी पुढे करेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. निर्णय घेण्याची क्षमता ही एकच घाऊक गोष्ट नसते. गुंतवणुकीचा कागद समजत नसेल, तरी आपल्या अंगाला कुणी हात लावावा आणि कुणी लावू नये हे पूर्ण समजत असतं. इंग्लंड आणि वेल्सचा २००५ चा मानसिक क्षमतेचा कायदा मला यासाठी आवडतो. तो म्हणतो, क्षमता आहे असंच धरून चाला. नाही असं म्हणणाऱ्याने ते दाखवावं, आणि त्याआधी माणसाला स्वतः ठरवता यावं म्हणून शक्य ती सगळी मदत केलेली असावी. आणखी एक: निर्णय शहाणपणाचा वाटत नाही, एवढ्यावरून क्षमता नाही असं म्हणता येत नाही.

कराराचं पान पुन्हा एकदा नीट वाचा. काढून टाकायचं असेल तर किती दिवसांची नोटीस? कुठल्या कारणांवरून? अनामत कधी परत? तक्रार केली म्हणून जागा जाऊ शकते का? अमेरिकेत १९८७ मध्ये नर्सिंग होम सुधारणेचा कायदा आला, त्यात साधारणपणे ३० दिवसांची लेखी नोटीस आणि ठरावीक कारणांशिवाय कुणाला हलवता येत नाही. तुमच्या करारात काय आहे ते बघा. भांडण्याचं बळ त्यावर अवलंबून असतं.

---

दक्षिणवारा:

सायलीताई, राग मानू नका, पण मी दुसरी बाजू लिहितो.

माझे बाबा होममध्ये न्हाणीघरात पडले. आतून कडी होती. त्यांनी हाका मारल्या, पण बाहेर टीव्ही मोठ्याने चालू होता. चाळीस मिनिटांनी कळलं. दार तोडावं लागलं आणि ते आतल्या बाजूला उघडणारं होतं, बाबा दाराला लागूनच पडलेले. दार ढकललं की त्यांच्या अंगावर. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यानंतर ते पाच महिने होते.

ती चाळीस मिनिटं त्यांनी कशी काढली असतील, हा विचार माझी पाठ सोडत नाही. त्यामुळे "हक्क" हा शब्द ऐकला की मला पहिल्यांदा ती कडी आठवते. तुमच्या आईंना झालेला त्रास खरा आहे. पण कडी मागण्याआधी, हात जोडून सांगतो, नीट विचार करा.

---

रात्रपाळी:

मी नऊ वर्षं होममध्ये काम करते, बहुतेक रात्रीचं. ज्यांना तुम्ही मावशी म्हणता, त्यांच्यातलीच एक.

दादा, तुमच्या बाबांचं वाचून पोटात कालवलं. पण दोष कडी असण्याचा नव्हता, चुकीची कडी असण्याचा होता. न्हाणीघराला आतून खिटी आणि बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी खाच, असं कुलूप मिळतं. महाग नसतं. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असावं. आत, जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल इतकी खाली लोंबणारी घंटेची दोरी असावी. आमच्याकडे एका ठिकाणी ती दोरी साफसफाईत अडते म्हणून वर गुंडाळून ठेवायचे. मी रोज रात्री सोडायचे, सकाळी परत गुंडाळलेली असायची.

ताई, आम्ही दार का वाजवत नाही ते सांगते, समर्थन म्हणून नाही. रात्री आम्ही दोघी असतो आणि माणसं चोवीस. त्यातल्या नऊ जणांची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. सहाजणांना उठवून न्यावं लागतं. प्रत्येक दारापाशी वाजवून, उत्तराची वाट बघून आत जायचं म्हटलं तर शेवटच्या खोलीपर्यंत पोचेतो उजाडेल, असं मला पहिल्या दिवशी शिकवलं गेलं. मीही तसंच करत होते. एका आजोबांनी मला शिकवलं. म्हणाले, "तुम्ही येता तेव्हा मी जागा असतो, पण डोळे मिटून घेतो. तुम्हाला वाटावं की इथे कुणी नाही." त्या रात्रीपासून वाजवते. मोजून पाहिलं, एका खोलीला चार सेकंद जास्त लागतात.

पण सगळंच चार सेकंदांत होत नाही, हेही लिहा कुठेतरी. संडासला जायचंय म्हणून हाक मारणाऱ्या बाईला "डायपर लावलाय ना, त्यातच करा" असं मी सांगितलेलं आहे. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या रडल्या होत्या. नंतर रडायच्या थांबल्या, आणि नंतर हाक मारायच्याही थांबल्या. तीन महिन्यांत त्यांचा लघवीवरचा ताबा खरंच गेला. मग फाइलवर लिहिलं गेलं, "ताबा नाही". माणसं वाढवल्याशिवाय हे बदलत नाही. तुम्ही नातेवाईक मॅनेजरकडे जाता तेव्हा आमच्या वागण्याची तक्रार करता, ती करायलाच हवी. सोबत एवढं पण विचारा: रात्री किती माणसं असतात, त्यांना सुट्टी कधी मिळते. तो प्रश्न आम्ही विचारला तर नोकरी जाते.

"अगं आजी" बद्दल: आमच्यात ते मायेने म्हणतात. पण समोरच्याला माया वाटते का, हे आम्ही विचारत नाही. मी आता पहिल्याच दिवशी विचारते, तुम्हाला काय म्हणून हाक मारू. एक बाई म्हणाल्या, मॅडम म्हणा. मी म्हणते.

---

पाऊलवाट:

मी फिजिओथेरपिस्ट. दक्षिणवारा यांच्या दुःखापुढे तांत्रिक काही लिहायला संकोच वाटतो, तरी लिहिते, कारण "पडू नये म्हणून" या तीन शब्दांखाली होममध्ये फार काय काय केलं जातं.

पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे लावतात. बघणाऱ्याला बरं वाटतं. पण ज्याला उठायचंच आहे, तो कठड्यावरून उतरतो आणि मग जास्त उंचीवरून पडतो. कठडा आणि गादीच्या फटीत मान किंवा छाती अडकून माणसं दगावली आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबद्दल १९९५ सालीच सावधगिरीची सूचना काढली होती. खुर्चीला पट्टा बांधतात, किंवा पुढचा ट्रे असा लावतात की काढता येत नाही. बांधलेला माणूस चालत नाही, न चालणाऱ्याचे स्नायू जातात, आणि मग तो सोडल्यावर खरोखरच पडतो. निरोगी वृद्धांना फक्त १० दिवस अंथरुणावर ठेवून केलेल्या २००७ च्या एका अभ्यासात पायांतलं जवळपास १ किलो स्नायूंचं वजन कमी झालेलं दिसलं होतं. ते तर निरोगी होते!

तिसरा प्रकार दिसतच नाही, तो म्हणजे गोळी. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेला माणूस संध्याकाळी अस्वस्थ होतो, येरझाऱ्या घालतो, ओरडतो. त्याला शांत करायला मनोविकारांवरची औषधं चालू होतात. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा त्याच प्रशासनाने २००५ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापायला लावला. तपासलेल्या चाचण्यांमध्ये हा धोका औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशा गोळीच्या तुलनेत १.६ ते १.७ पट होता. कधी कधी औषध खरंच लागतं, माणूस स्वतःच्या भीतीने होरपळत असतो. पण मग नातेवाइकाने विचारायला हवं: कशासाठी दिलं, दुखतंय का ते आधी पाहिलं का, बद्धकोष्ठता किंवा लघवीचा जंतुसंसर्ग तर नाही, आणि बंद कधी करणार. "रात्री त्रास देतात" हे निदान नाही. उंबरठा यांनी सांगितलेल्या १९८७ च्या कायद्यात हे स्पष्ट आहे की शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधणंही चालणार नाही आणि औषधाने जखडणंही.

माझ्याकडे कुणी "सुरक्षितता" म्हटलं की मी विचारते, कुणाची? बऱ्याचदा उत्तर "त्यांची" असं येतं, पण खोदून विचारल्यावर निघते ती आपली सोय. दक्षिणवारा, हे तुमच्याबद्दल नाही.

---

दक्षिणवारा:

नाही, मी समजलो. बाबांना नंतरचे पाच महिने कठडे होते. मीच लावा म्हणून सांगितलं होतं. ते मला म्हणायचे, "हे खाली कर, मला पाय खाली सोडून बसू दे." मी करत नव्हतो.

नाण्याच्या खाचेचं कुलूप मला तेव्हा माहीत असतं तर!

---

चाकांवर:

हा धागा फक्त वृद्धांचा होऊ नये म्हणून लिहितो. मी ३४ वर्षांचा. एकोणिसाव्या वर्षापासून निवासी संस्थेत आहे. मणक्याची इजा, कमरेखाली संवेदना नाही.

मला रात्री आठ वाजता झोपवतात. मला झोप येते म्हणून नव्हे. पलंगावर उचलून ठेवणारे दोघे साडेआठला घरी जातात म्हणून. पंधरा वर्षं मी आठ वाजता आडवा होतो. मित्र नऊला फोन करतात, "बाहेर आलोय, तू असतास तर." मला अंघोळ कोण घालणार हे मी ठरवत नाही. माझ्या खोलीत कोण राहणार हे मी ठरवत नाही. एकदा माझी मैत्रीण भेटायला आली तर दार उघडं ठेवा असं सांगितलं गेलं. आम्ही दोघंही तिशीच्या पुढचे.

अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये झाला, २००८ पासून लागू आहे. त्यातलं कलम १९ मला पाठ आहे: कुठे राहायचं आणि कुणासोबत राहायचं हे इतरांइतक्याच हक्काने निवडता आलं पाहिजे, कुठल्या एका प्रकारच्या व्यवस्थेत राहायची सक्ती नसावी. २०१७ मध्ये या कलमावर संयुक्त राष्ट्रांच्या समितीने जे भाष्य केलं त्यात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. संस्था कशाला म्हणायचं हे भिंतींवरून किंवा माणसांच्या संख्येवरून ठरत नाही. रोजच्या गोष्टी तुम्ही ठरवता का, मदतनीस तुम्ही निवडता का, सगळ्यांनी एकाच वेळी एकाच जागी तेच करायचं अशी सक्ती आहे का, यावरून ठरतं. पाच माणसांचं गोंडस घरसुद्धा संस्था असू शकतं.

म्हणून सायलीताईंच्या पहिल्या प्रश्नाला माझा एक उपप्रश्न जोडतो. तुमच्या आईंना होममध्ये राहायचं आहे का, हे त्यांना कुणी विचारलं होतं? मला कुणी विचारलं नव्हतं. टोचायला लिहीत नाही. वडील गेले होते, आई एकटी उचलू शकत नव्हती, पर्याय दिसत नव्हता, मला सगळं कळतं. पण घरी येणारा एक मदतनीस मिळाला असता तर मी आज घरी असतो, हेही तितकंच खरं आहे. होममधल्या हक्कांची चर्चा करताना होमच्या बाहेर राहण्याचा हक्क आपण पहिल्याच पानावर सोडून देतो.

---

सायलीची_वेल:

चाकांवर, तुमचा प्रश्न वाचून मी फोन बाजूला ठेवला होता. विचारलं होतं, पण कसं? "आई, तिकडे तुला सोबत मिळेल, नाही का?" असं. तिने "हो" म्हटलं. त्या वाक्यात "नाही" म्हणायला जागाच नव्हती.

रविवारी परत विचारणार आहे, या वेळी नीट.

---

जुनी_सतार:

माझ्या बायकोला डिमेन्शिया आहे, आता चौथं वर्ष. वर सगळे निवड, संमती, सही म्हणताहेत. ती मला ओळखत नाही. तिचे हक्क कसे सांभाळायचे? हे मी भांडायला विचारत नाही, मला खरंच जाणून घ्यायचं आहे. रोज चार वाजता जातो, सहाला येतो.

---

रात्रपाळी:

काका, त्या घास घेताना मान कुठे वळवतात ते तुम्ही बघता ना? तेच त्यांचं म्हणणं. आमच्याकडे एक बाई एक शब्द बोलत नाहीत, पण डावीकडून कुणी आलं की हात आखडतात. उजवीकडून आलं की हात पुढे करतात. हे फाइलमध्ये लिहायला मी भांडले. आता नवीन मुलगी आली तरी तिला पहिल्या दिवशी सांगतात, उजवीकडून जा.

तुम्हाला त्यांच्याबद्दल जे माहीत आहे ते एका कागदावर लिहा. कुठल्या कुशीवर झोपायच्या, अंघोळीला पाणी डोक्यावरून घेतलेलं चालायचं का, अंधाराची भीती, कुठला आवाज नको. तो कागद पलंगापाशी नको, तिथे येणारे-जाणारे वाचतात. फाइलच्या पहिल्या पानाला लावा.

---

उंबरठा:

जुनी_सतार काका, रात्रपाळींनी सांगितलं तेच कायद्याच्या भाषेत असं आहे: माणसाला आता सांगता येत नसेल, तर त्याने आयुष्यभर काय पसंत केलं आणि आज त्याचं शरीर काय सांगतंय, हे धरून ठरवायचं. आपल्याला काय बरं वाटतं हे धरून नाही.

स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या माणसाच्या स्वातंत्र्यावर युनायटेड किंगडमच्या सर्वोच्च न्यायालयात २०१४ मध्ये एक मोठा निकाल लागला. तीन माणसं, तिघांनाही बौद्धिक अक्षमता, तिघंही चांगल्या घरगुती वातावरणात, कुणाची तक्रार नाही. खालच्या न्यायालयाला वाटलं, मग स्वातंत्र्य हिरावलंय असं कसं म्हणायचं? न्यायमूर्ती लेडी हेल यांनी म्हटलं, पिंजरा सोन्याचा असला तरी तो पिंजराच असतो. सतत देखरेख आहे आणि माणसाला तिथून निघून जायची मोकळीक नाही, तर ते स्वातंत्र्य काढून घेणंच आहे, मग तो खूश दिसो वा न दिसो. याचा अर्थ त्यांना मोकळं सोडा असा नव्हता. अर्थ असा होता की कुणीतरी बाहेरच्या, तटस्थ माणसाने ठरावीक काळाने येऊन तपासलं पाहिजे की हे अजून गरजेचं आहे का. जो तक्रार करू शकत नाही, त्याला ही तपासणी सगळ्यात जास्त लागते.

तुम्ही रोज चार ते सहा जाता, तीही एक तपासणीच आहे. ज्यांना भेटायला कुणी येत नाही, त्यांच्याबाबतीत गोष्टी बिघडतात. २०२० च्या महासाथीत जगभर होमची दारं महिनोन्महिने बंद होती. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की भेटायला येणारा माणूस अनेकांना भरवत होता, चालवत होता, पाठीवरचे व्रण बघत होता.

---

खिडकीजवळचा:

मी ८१ वर्षांचा. होममध्ये सहा वर्षं झाली. हा धागा माझ्या नातीने उघडून दिला, टाइप मी करतो आहे, वेळ लागतो.

तुम्ही सगळे आमच्याबद्दल फार आस्थेने लिहिता. मी आमच्यातला म्हणून सांगतो.

माझ्या खोलीत दोघं होतो. सोबती चार वर्षांपासूनचे. एके दिवशी सकाळी त्यांना दवाखान्यात नेलं. दुपारी मी व्हरांड्यातून परत आलो तर पलंगावर नवीन चादर, कपाट रिकामं, फरशी पुसलेली. मी विचारलं तर म्हणाले, ते घरी गेले. तिसऱ्या दिवशी धोब्याकडून कळलं की ते वारले. आम्हाला सांगत नाहीत, म्हणे आम्हाला धक्का बसेल. आम्ही इथे सगळे ऐंशीच्या आसपास. मरण आम्हाला नवीन नाही. चार वर्षं ज्याचा खोकला ऐकून झोपलो, त्याला निरोप देता आला नाही, हा धक्का मोठा होता.

त्या वेळी मी लेखी अर्ज दिला. एकट्याचा होता, पडून राहिला. मग आम्ही अकरा जणांनी सह्या केल्या. तिघांचे अंगठे. त्यात तक्रार कुणा एकाची राहिली नाही, म्हणून राग काढायलाही कुणी एक नव्हता. सायलीताई, तुमच्या भीतीवर माझं उत्तर हे. एकटीने आईसाठी कडी मागू नका. सगळ्यांच्या दारांसाठी मागा.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमची बैठक होते. मॅनेजर शेवटची पंधरा मिनिटं येतात, आधीचा पाऊण तास आम्ही एकटेच. हे "एकटेच" मिळवायला चार महिने लागले. आतापर्यंत झालेलं असं: कुणी वारलं तर त्याच दिवशी सगळ्यांना सांगतात आणि ज्याला जायचं त्याला अंत्यदर्शनाला नेतात. व्हरांड्यातला दिवा दहाला जातो, नऊला नाही. कपड्यांवर नावाची पट्टी शिवली आहे, दुसऱ्याचा सदरा अंगावर येत नाही. पत्रं आणि पाकिटं बंद मिळतात. कपाटाची किल्ली ज्याची त्याच्याकडे. न झालेलं: खोलीतला कॅमेरा काढत नाहीत. व्हरांड्यात असो, खोलीत मला नको. चालू आहे.

पाऊलवाट यांनी अभ्यासांचा उल्लेख केला म्हणून एक मीही सांगतो, मी तो फार वेळा वाचला आहे. १९७६ मध्ये लँगर आणि रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी अमेरिकेतल्या एका नर्सिंग होमच्या एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमच्या खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, चित्रपट कुठल्या दिवशी बघायचा तुम्ही ठरवा, हे रोप निवडा आणि त्याला पाणी तुम्ही घाला. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, आम्ही सगळं करू, रोपाला पाणीही नर्स घालतील. दीड वर्षाने पहिल्या गटातले १५ टक्के वारले होते, दुसऱ्यातले ३० टक्के. माणसं थोडी होती, शंभरसुद्धा नव्हती, त्यामुळे त्यावर फार मोठा डोलारा उभा करू नये. पण मी सहा वर्षं इथे बघतो आहे आणि मला ते आकडे नवलाचे वाटत नाहीत.

हात दुखला. थांबतो.

---

सायलीची_वेल:

आजोबा, तुमचं लिखाण छापून आईला वाचायला नेलं होतं. तिने दोनदा वाचलं आणि चष्मा काढून म्हणाली, "यांची बैठक कशी चालते ते विचार."

पुढचं असं झालं. आई आणि मी मिळून शेजारच्या खोल्यांमध्ये फिरलो. कडी हवी का, एवढंच विचारलं. नऊ जणी हो म्हणाल्या. दोघी म्हणाल्या आम्हाला आत अडकायची भीती वाटते, नको. त्या दोघींना नको असंच अर्जात लिहिलं. एकीने विचारलं, "कडी लावली तर मुलाला कळवतील का?" तिला काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

मॅनेजरांसमोर मी नाण्याच्या खाचेच्या कुलपाचा नमुनाच ठेवला. रात्रपाळी, तुमचे आभार कसे मानू! रात्री किती माणसं असतात तेही विचारलं. उत्तर मिळालं नाही, लेखी मागितलं आहे. न्हाणीघरांची दारं बाहेर उघडणारी करायची मागणीही त्यात आहे. दक्षिणवारा, ती तुमच्यामुळे.

आठ खोल्यांना कुलपं बसली, नववीचं दार वाळवीने गेलंय. आईने पहिले तीन दिवस कडी लावलीच नाही. चौथ्या दिवशीपासून फक्त कपडे बदलताना लावते.

होममध्ये राहायचं का, तेही विचारलं. मध्ये न बोलता ऐकलं. ती म्हणाली, "इथे राहीन. पण महिन्यातून चार दिवस मला घरी यायचंय, आणि ते चार दिवस मी ठरवणार." तेवढं आम्ही करतोय.

काल रात्री फोनवर बोलत होतो तेव्हा मागे टकटक ऐकू आली. आई मला "थांब" म्हणाली आणि मग दाराकडे तोंड करून, शाळेतल्या आवाजात: "आत्ता नको. मी बोलतेय. दहा मिनिटांनी या."

प्रवेशाच्या अर्जावरचा "पालक" शब्द अजून तसाच आहे. सोमवारी त्यासाठी जाणार आहे, या वेळी आई बरोबर येणार आहे.